फोल्डरवर प्रश्नचिन्ह, फोटो डबल आणि काढून टाकलेले फोटो परत हजर: इम्पोर्टचा नेहमीचा घोळ

लाइटरूम (ॲडोबीचं फोटो लावून ठेवायचं आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर) उघडलं, डावीकडच्या फोल्डरच्या यादीत जिकडेतिकडे प्रश्नचिन्हं, फोटोच्या कोपऱ्यात उद्गारचिन्ह, आणि एडिट करायला घेतलं की म्हणतंय ओरिजिनल फाइल सापडत नाही. हे तुम्हाला आत्ता दिसत असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी एवढंच करा: इम्पोर्टच्या बटणाला हात लावू नका. कारण घाबरलेला माणूस इथे हमखास तेच करतो, फोटो दिसत नाहीत ना, मग घेऊ परत इम्पोर्ट करून, आणि जो प्रॉब्लेम पाच मिनिटांत सुटला असता तो दोन दिवसांचा होऊन बसतो.

मी स्वतः हे केलंय म्हणून सांगतोय. लॅपटॉप भरला म्हणून सगळे फोटो नवीन हार्डडिस्कवर टाकले, विंडोजच्या एक्सप्लोररमधून, कट आणि पेस्ट. लाइटरूम उघडलं तर सगळीकडे प्रश्नचिन्ह. मग शहाणपणा करून, डुप्लिकेट अडवणारी टिक काढून, नवीन डिस्कवरचं अख्खं फोल्डर परत इम्पोर्ट केलं आणि बघतो तर अकरा हजाराचे बावीस हजार फोटो झालेले, प्रत्येक फोटो दोनदा: एक माझ्या एडिटसकट पण उद्गारचिन्हवाला, दुसरा उघडतोय नीट पण कोराकरकरीत, ना रेटिंग ना क्रॉप. त्यात अजून शहाणपणा म्हणजे दुसऱ्या सेटमधल्या तीस-चाळीस फोटोंवर नव्याने एडिटिंगही करून बसलो होतो. सगळा दोष माझाच, सॉफ्टवेअर बिचारं सांगत होतं की फाइल हलली आहे, मला ते ऐकू आलं नाही.

मुळात घोळ होतो तो एका गैरसमजामुळे. इम्पोर्ट म्हटलं की वाटतं फोटो सॉफ्टवेअरच्या 'आत' गेले. लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो आत कधीच जात नाहीत. आत जाते ती फक्त नोंद: अमुक नावाची फाइल, तमुक ड्राइव्हवर, ह्या ह्या फोल्डरमध्ये, आणि तिच्यावर काय काय एडिट केलंय. त्या नोंदवहीला कॅटलॉग म्हणतात, डिस्कवर तिची मुख्य फाइल असते ती शेवटी डॉट एलआरकॅट असलेली, आणि आतून ती साधा एसक्यूलाइट डेटाबेस आहे. बाजूला प्रीव्ह्यूचं एक भलंमोठं फोल्डर असतं पण ते उडालं तरी परत बनतं. तुम्ही वहीला न सांगता माल हलवला तर वहीत जुनाच पत्ता राहणार, आणि जुन्या पत्त्यावर कोणी नाही म्हणून प्रश्नचिन्ह. बास, एवढंच असतं ते. फोटो गेलेले नसतात, पत्ता चुकलेला असतो. फोटो हलवायचेच असतील तर लाइटरूमच्याच फोल्डर पॅनेलमध्ये ओढून हलवा, वहीत आपोआप नवा पत्ता पडतो. (क्लाउडवालं जे दुसरं लाइटरूम २०१७ पासून वेगळं झालं, त्यात ओरिजिनल फोटो क्लाउडवर चढतात, त्याचं गणित वेगळं. इथे मी क्लासिकबद्दल बोलतोय.)

आता इलाज. पहिल्यांदा लाइटरूम बंद करा आणि ती एलआरकॅट फाइल (आणि शेजारी त्याच नावाचं एलआरकॅट-डेटा असेल तर तेही) दुसरीकडे कॉपी करून ठेवा. हे टाळू नका, पुढे काही चुकलं तर इथूनच परत सुरुवात करता येते. मग उघडा, उद्गारचिन्हावर क्लिक करा. एक खिडकी येते, तिच्यात फाइलची आधीची जागा लिहिलेली असते, प्रीव्हियस लोकेशन म्हणून. ती ओळ लोकं वाचतच नाहीत, थेट लोकेटचं बटण दाबतात. ती ओळ म्हणजे निम्मं उत्तर आहे. मी ती कागदावर लिहून घेतो आणि एक्सप्लोररमध्ये खरी फाइल कुठे आहे ते शेजारी लिहितो. दोन्हीत नेमका फरक काय दिसतोय त्यावर सगळं अवलंबून.

फरक फक्त पहिल्या अक्षराचा असेल, म्हणजे वहीत ई ड्राइव्ह आणि खरी फाइल एफ ड्राइव्हवर, बाकी सगळा रस्ता तसाच, तर काहीच बिघडलेलं नाही. विंडोज बाहेरच्या डिस्कला जे अक्षर मोकळं मिळेल ते देतं, तुम्ही आधी पेनड्राइव्ह लावला असेल तर त्याने ई पटकावलं आणि हार्डडिस्क एफ झाली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जा, त्या डिस्कवर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर, आणि अक्षर द्या पार शेवटचं, पी किंवा झेड वगैरे, जे दुसरं कोणी पटकावणार नाही. अक्षर बदललं की लाइटरूममध्ये एकदा नवा पत्ता दाखवावा लागेल, पण एकदाच. हा प्रश्नचिन्हाचा त्रास ज्यांना दर आठवड्याला होतो ना, आज आहे उद्या नाही, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा रोग हाच असतो. मॅकवर अक्षर नसतं, तिथे डिस्कच्या नावावर चालतं, त्यामुळे तिथे डिस्कचं नाव हौसेने बदलायचं नाही. आणि डिस्क जोडलेलीच नसेल तर पॅनेलमध्ये तिचं नाव करड्या रंगात दिसतं. हसू नका, केबल सैल असलेल्या माणसाबरोबर मी फोनवर अर्धा तास घालवलाय.

फरक मधल्या रस्त्याचा असेल, म्हणजे तुम्ही फोल्डर हलवलं किंवा त्याचं नाव बदललं, तर प्रश्नचिन्ह असलेल्या फोल्डरवर राइट क्लिक करा, फाइंड मिसिंग फोल्डर, आणि नवीन जागा दाखवा. शक्यतो सगळ्यात वरचं फोल्डर दाखवा, खालची आपसूक सापडतात. यादीत वरचं फोल्डरच दिसत नसेल तर राइट क्लिकमध्ये शो पॅरेंट फोल्डर असतं, ते करून घ्या, नाहीतर दोनशे फोल्डर एकेक करून दाखवत बसाल. सुट्या फोटोंचं असेल तर लोकेटच्या खिडकीत खाली फाइंड निअरबाय मिसिंग फोटोज असा चौकोन असतो, त्यावर टिक ठेवा, एक सापडला की आजूबाजूचे तोच शोधतो.

आणि आता ह्या सगळ्यातला सगळ्यात वाईट खड्डा: सिंक्रोनाइझ फोल्डर. नाव इतकं सज्जन आहे की कोणालाही वाटावं हेच पाहिजे आपल्याला. दाबलं की खिडकी येते, त्यात पहिली ओळ नवीन फोटो इम्पोर्ट करा, पुढे कंसात आकडा, आणि खाली रिमूव्ह मिसिंग फोटोज फ्रॉम कॅटलॉग, त्याच्याही पुढे आकडा. दोन्ही आकडे मोठे आणि सारखे दिसले ना, उदाहरणार्थ ४१२ आणि ४१२, तर समजा की ते ४१२ फोटो नवीन नाहीत, तेच जुने आहेत, जागा किंवा नाव बदलून आलेत. तुम्ही ओके केलंत की सॉफ्टवेअर जुन्या ४१२ नोंदी पुसणार, त्यांच्यावरच्या सगळ्या एडिटसकट, आणि तेच ४१२ कोरे म्हणून आत घेणार. स्क्रीनवर सगळं छान दिसेल, प्रश्नचिन्ह गायब, तुम्ही खूश, आणि महिन्याभराने कळेल की त्या कार्यक्रमाचं सगळं एडिटिंग गेलं. एडिट्स एक्सएमपीमध्ये, म्हणजे फोटोशेजारच्या छोट्या फाइलीत किंवा फोटोच्याच आत, लिहून ठेवल्या असतील तर थोडं वाचतं, पण ते सेटिंग मुद्दाम चालू करावं लागतं, आणि व्हर्च्युअल कॉपी (त्याच फाइलीवरची दुसरी एडिट) आणि कलेक्शन (फाइल न हलवता केलेले फोटोंचे गट) त्यात येतच नाहीत. तेव्हा आकडे सारखे दिसले की कॅन्सल.

माझ्यासारखं आधीच डबल करून बसला असाल तर क्रम फार महत्त्वाचा आहे. मी आधी थेट जुन्या फोटोला नवीन जागा दाखवायला गेलो तर लाइटरूम म्हणे ही फाइल कॅटलॉगमधल्या दुसऱ्या फोटोला जोडलेली आहे, एक फाइल एकाच फोटोला जोडता येते. बरोबरच आहे, तो कोरा दुसरा सेट तिथे बसलाय ना. म्हणजे आधी कोरा सेट उठवायचा, मग जुन्याला जागा द्यायची. कोऱ्या सेटवर तुम्ही नंतर काही एडिट केलं असेल तर ते फोटो आधी वेगळे काढा, सेटिंग्ज कॉपी करून जुन्या जोडीदारावर पेस्ट करा. हे फोटो न उघडताही जमतं, मूळ फाइल नसली तरी लायब्ररीत सेटिंग्ज पेस्ट होतात, दिसायला मात्र फाइल सापडल्यावरच दिसेल. माझे तीस-चाळीस मी असेच वाचवले, रात्रीचे दोन वाजले ती गोष्ट वेगळी. मग नवीन डिस्कवरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून रिमूव्ह. इथे नीट वाचा: फोल्डरवरचं रिमूव्ह फक्त वहीतून काढतं, डिस्कवरच्या फाइली तशाच राहतात. पण फोटो सिलेक्ट करून डिलीट दाबलंत तर दोन पर्याय येतात, एक डिलीट फ्रॉम डिस्क आणि एक नुसतं रिमूव्ह. घाईत डिलीट फ्रॉम डिस्क दाबलंत तर खरेखुरे फोटो रिसायकल बिनमध्ये गेले, आणि तो रिकामा केलात की मग बसा कपाळाला हात लावून. कोरा सेट गेला की मग जुन्या प्रश्नचिन्हवाल्या फोल्डरला फाइंड मिसिंग फोल्डरने नवीन जागा दाखवायची. झालं.

सगळंच्या सगळं रिकामं दिसत असेल, प्रश्नचिन्ह वगैरे काही नाही, नुसती कोरी पाटी, तर ती केस वेगळी आहे आणि सगळ्यात सोपी. मावसभावाचा फोन आला होता, "दादा, सहा वर्षांचे फोटो गेले रे, काहीच नाहीये इथे." म्हटलं, वरच्या पट्टीवर काय नाव दिसतंय ते वाच. तर तिथे कॅटलॉगच्या नावाला शेपटीला २ लागलेलं. कधीतरी चुकून नवीन कॅटलॉग बनला होता आणि लाइटरूम तोच उघडत होतं. फाइल मेनूमध्ये ओपन रीसेंट, जुना कॅटलॉग निवडला, सहा वर्षं परत. पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून प्रेफरन्सेसमध्ये सुरुवातीला कोणता कॅटलॉग उघडायचा ते पक्कं करून ठेवता येतं. आणि कृपा करून 'लग्नाचा कॅटलॉग', 'ट्रिपचा कॅटलॉग' असे वेगवेगळे बनवू नका, धंदा करत नसाल तर एकच पुरे. कॅटलॉग नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर ठेवला तर क्लासिक तो उघडतच नाही, फोटो नेटवर्कवर चालतात पण वही मशीनच्या स्वतःच्या डिस्कवरच पाहिजे.

आता दुसरी नेहमीची तक्रार: इम्पोर्टच्या खिडकीत काही फोटो फिक्कट दिसतात आणि त्यांच्यावर टिकच होत नाही. बिघाड नाही तो. डोन्ट इम्पोर्ट सस्पेक्टेड डुप्लिकेट्स चालू आहे आणि लाइटरूमला वाटतंय की हे फोटो आधीच वहीत आहेत. हे ते कसं ओळखतं तर फाइलचं मूळ नाव, फोटो काढल्याची तारीख-वेळ आणि फाइलची साइझ, ह्या तीन गोष्टी जुळल्या की डुप्लिकेट. फोटोच्या आत काय आहे ते बघत नाही. त्यामुळे तुम्ही आधी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जेपीजी उघडून जरासं फिरवून सेव्ह केलं असेल तर साइझ बदलली, आणि तोच फोटो नवीन म्हणून आत. व्हॉट्सॲपवरून आलेला तोच फोटो तर नाव वेगळं, साइझ वेगळी आणि तारखेची माहिती पुसलेली, तो तर कधीच पकडला जाणार नाही. व्हॉट्सॲपचं फोल्डर मी इम्पोर्टमध्ये घेतच नाही, आणि तुम्हीही घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

मग काढून टाकलेले फोटो परत कसे उगवतात? ह्याचं उत्तर एकदा कळलं की हसू येतं. कार्डवर तीनशे फोटो, इम्पोर्ट केले, त्यातले शंभर फालतू म्हणून उडवले. कार्ड मात्र फॉरमॅट केलं नाही, तेच परत कॅमेऱ्यात. पुढच्या रविवारी अजून पन्नास फोटो काढले आणि कार्ड लावलं. वहीत असलेले दोनशे फिक्कट दिसणार, पण जे शंभर उडवले त्यांची वहीत नोंदच उरलेली नाही, म्हणजे लाइटरूमच्या दृष्टीने ते कधी आलेच नव्हते. ते पन्नास नव्यांबरोबर थाटात परत येणार. तुम्ही परत उडवणार, ते परत येणार. सॉफ्टवेअर बदलून हे जाणार नाही, कार्ड रिकामं करायची सवयच लावावी लागते.

फाइलच्या नावांचं एक प्रकरण ह्यालाच चिकटून आहे. कॅमेरे डीसीएफ नावाच्या नियमाने चालतात, म्हणून कुठल्याही कंपनीचा कॅमेरा घ्या, कार्डवर डीसीआयएम फोल्डर, त्यात १०० ते ९९९ आकड्याने सुरू होणारी फोल्डरं, आणि फाइलला आठ अक्षरांचं नाव, चार अक्षरं आणि चार आकडे. चारच आकडे, म्हणजे ९९९९ झाले की परत ०००१. जरा हौसेने फोटो काढणारा माणूस वर्ष-दोन वर्षांत इथे पोचतो. वर घरात दोन कॅमेरे असतील तर दोघांकडेही आयएमजी ००४२ असणारच. लाइटरूममधून कॉपी केलं तर ते नाव आपटलं की दुसऱ्याच्या शेवटी आकडा जोडून दोन्ही ठेवतं. पण एक्सप्लोररमधून हाताने एकाच फोल्डरमध्ये टाकायला गेलात आणि रिप्लेस की स्किप असं विचारल्यावर "अरे आधीच आहे वाटतं" म्हणून रिप्लेस दाबलंत, तर एक जुना फोटो कायमचा गेला, त्याच्या जागी भलताच फोटो आला, आणि वहीला काहीच पत्ता नाही कारण नाव तेच आहे. गंमत म्हणजे जुन्या फोटोचं क्रॉप आणि कलर नव्या फोटोवर लागलेलं दिसतं. मी एकदा बघितलंय हे, समुद्राच्या फोटोचं क्रॉप कोणाच्या तरी पाठमोऱ्या डोक्यावर बसलेलं, आधी कळेचना काय झालंय.

म्हणून इम्पोर्ट करतानाच नाव बदला. माझा टेम्प्लेट साधा आहे, आधी वर्ष-महिना-तारीख, मग तास-मिनिट-सेकंद, शेवटी कॅमेऱ्याचा मूळ नंबर. म्हणजे २०२४०५१८-१७३२०५-००४२. वर्ष पुढे असलं की नावाने लावले तरी तारखेने लागतात. शेवटचा नंबर कशाला, तर बर्स्टमध्ये एका सेकंदात दहा फोटो निघतात, तेव्हा नुसत्या वेळेवर भागत नाही. फोल्डर पण तसंच, वर्षाचं एक, त्यात तारखेचं एक आणि पुढे दोन शब्दांत काय होतं ते. विषयवार फोल्डर करायच्या फंदात पडू नका, आजीचा वाढदिवसाचा बागेतला फोटो 'आजी'त टाकणार, 'वाढदिवसा'त की 'बागे'त? त्यासाठी कीवर्ड आणि कलेक्शन आहेत, एक फोटो दहा कलेक्शनमध्ये राहिला तरी फाइल एकच राहते.

तारखेवर सगळं लावायचं म्हटलं की कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर पाहिजे, आणि ते नसतं. बॅटरी काढून कॅमेरा महिनोन्महिने कपाटात पडला की आतली छोटी बॅटरी उतरते आणि घड्याळ मागे जाऊन पहिल्या तारखेला उभं राहतं. मग आजचे फोटो दहा वर्षं जुन्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात आणि तुम्ही म्हणता इम्पोर्ट झालेच नाहीत. शोधायचे असतील तर लायब्ररीत प्रीव्हियस इम्पोर्टवर क्लिक करा, तारीख काहीही असो, शेवटी आलेले तिथे दिसतात. दुसरं म्हणजे टाइम झोन. फोटोत जी एक्झिफ माहिती (कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने वगैरे) असते तिच्यात टाइम झोन लिहायची सोयच २०१६ च्या २.३१ आवृत्तीपर्यंत नव्हती, नुसते तास-मिनिटं, कुठले ते नाही. त्यामुळे प्रवासात मोबाइलने आपोआप तिथली वेळ घेतली आणि कॅमेरा घरच्याच वेळेवर राहिला, की दोन्हीचे फोटो एकत्र लावल्यावर जेवण आधी आणि स्वयंपाक नंतर असं काहीतरी दिसतं.

दुरुस्ती सोपी आहे. त्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो सिलेक्ट करा (फिल्टरमध्ये कॅमेऱ्याच्या मॉडेलने वेगळे करता येतात, नाहीतर मोबाइलचेही सरकतील), त्यातला ज्याची खरी वेळ तुम्हाला पक्की माहीत आहे असा एक फोटो मुख्य ठेवा, मेटाडेटा मेनूमध्ये एडिट कॅप्चर टाइम, खरी वेळ टाका. त्या फोटोला जितका फरक पडला तितकाच बाकी सगळ्यांना पडतो. पण 'पक्की माहीत आहे' हा फोटो आणायचा कुठून? मी दर कार्यक्रमाच्या सुरुवातीला कॅमेऱ्याने मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो काढतो, सेकंद दिसतील असा. लोकं विचित्र नजरेने बघतात, बघू देत. घरी आल्यावर त्या एका फोटोवरून सगळा कॅमेरा सेकंदात जुळतो. फक्त लक्षात ठेवा, वेळ बदलली म्हणून फाइल चुकीच्या तारखेच्या फोल्डरमधून उठून बरोबर फोल्डरमध्ये जात नाही आणि नावही बदलत नाही, ते नंतर हाताने करायचं, आणि हो, लाइटरूमच्या आतूनच. आणि एक्सप्लोररमधल्या क्रिएटेड किंवा मॉडिफाइडच्या तारखांवर अजिबात विसंबू नका, नुसतं कॉपी केलं तरी क्रिएटेड आजची होते.

काही किरकोळ तक्रारी पटापट. फाइल सपोर्टेड नाही म्हणतंय आणि ती रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, जेपीजी न केलेली) आहे: कॅमेरा नवीन, सॉफ्टवेअर जुनं. अपडेट करा, ते जमत नसेल तर ॲडोबीचं डीएनजी कन्व्हर्टर (रॉ फाइल डीएनजी फॉरमॅटमध्ये बदलणारं) फुकट आहे, त्यातून फिरवून घ्या. आयफोनचे फोटो विंडोजवर उघडत नाहीत: आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, ते एचईआयसी फॉरमॅटमध्ये निघतात, विंडोजला त्याचं एक्स्टेन्शन टाकावं लागतं, किंवा फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये मोस्ट कम्पॅटिबल करा. रॉ आणि जेपीजी दोन्ही काढता पण एकच दिसतो: लाइटरूम जोडी एकत्र धरतं, वेगळे हवे असतील तर प्रेफरन्सेसमध्ये ट्रीट जेपीजी वगैरे लिहिलेला चौकोन आहे. इम्पोर्ट झाल्यावर फोटो क्षणभर मस्त दिसतो आणि मग डोळ्यांदेखत फिका पडतो: आधी दिसलं ते रॉच्या पोटात कॅमेऱ्याने ठेवलेलं जेपीजी होतं, मग लाइटरूमने रॉ स्वतःच्या पद्धतीने उघडलं. डेव्हलपमध्ये प्रोफाइल बदलून कॅमेरा स्टँडर्ड किंवा तत्सम घ्या, बरंच जवळ येतं.

लाइटरूम नाही वापरत, डिजीकॅम किंवा डार्कटेबल वापरता? नोंदवहीची गोष्ट तिथेही तशीच. डार्कटेबलमध्ये तर हरवलेल्या फोटोच्या जागी कवटी दिसते, पहिल्यांदा बघून मी दचकलो होतो. त्याचं एक बरं आहे, एडिट्स फोटोशेजारी एक्सएमपी फाइलमध्ये आपोआप लिहितं, म्हणजे फोटो हलवताना ती छोटी फाइलही बरोबर न्या, नाहीतर एडिट मागे राहतील. ॲडोबीचं ब्रिज मात्र वेगळं, तिथे वहीत घ्यायची भानगड नाही, फोल्डरमध्ये जे आहे ते दिसतं.

इम्पोर्टच्या खिडकीत वर चार शब्द असतात, कॉपी ॲज डीएनजी, कॉपी, मूव्ह, ॲड. कार्डवरून घेताना कॉपी. आधीच डिस्कवर जागच्या जागी असलेल्यांना ॲड. कार्ड लावलेलं असताना सॉफ्टवेअर मूव्ह आणि ॲड करूच देत नाही, ते तुमच्या भल्यासाठीच. पण कार्डावरचं फोल्डर आधी डेस्कटॉपवर टाकून तिथून ॲड केलंत आणि मग डेस्कटॉप साफ केलात, तर ह्या पोस्टच्या पहिल्या ओळीवर परत या.

आणि लाइटरूम बंद करताना बॅकअप घेऊ का विचारतं, त्यावर हो म्हणून निवांत झोपणारे खूप आहेत. तो बॅकअप फक्त वहीचा आहे, फोटो एकही नाही त्यात. फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर तुम्हालाच ठेवायची आहे. इम्पोर्टच्या उजव्या बाजूला मेक अ सेकंड कॉपी टू असा चौकोन आहे, ती प्रत त्याच डिस्कवर पडत नाहीये ना तेवढं बघा.

कार्ड फॉरमॅट कधी करायचं ते शेवटचं. इम्पोर्टची पट्टी संपली म्हणजे लगेच नाही. दहा-बारा फोटो शंभर टक्क्यांवर उघडून बघा, पहिले, मधले, शेवटचे. अर्ध्या फोटोखाली करडी पट्टी किंवा रंगीत रेघा दिसल्या तर रीडर नाहीतर केबल गंडलीय, दुसऱ्या रीडरने परत घ्या, कार्डवर फोटो बहुतेक ठीकच असतात. दोन डिस्कवर दोन प्रती पडल्या, उघडून बघितल्या, मग कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवरून नाही. चुकून आधीच फॉरमॅट झालं तर त्याच्यावर एकही नवीन फोटो काढू नका, साध्या फॉरमॅटने बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते, फोटोरेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरने बरेच परत येतात. माझी कार्डं घरी आली की कडेचं ते इवलंसं लॉकचं बटण खाली सरकवतो आणि दोन्ही प्रती बघून झाल्याशिवाय वर करत नाही, कॅमेऱ्यात घातलं की कॅमेराच ओरडतो कार्ड लॉक आहे म्हणून.